ई-कचऱ्याचे पैसे : जीएसटी, कस्टम्स आणि प्रदूषण मंडळाने एकमेकांच्या नोंदी ताडून पाहाव्यात का?

काटेकोर (पुणे), धागाकर्ता

आधी विषय मांडतो.

1 एप्रिल 2023 पासून देशात नवे ई-कचरा नियम लागू आहेत. टीव्ही, फ्रिज, मोबाईल विकणाऱ्या कंपन्यांनी जुन्या मालाचा ठरावीक हिस्सा रिसायकल करून घ्यायचा. 2025-26 साठी हा हिस्सा 70 टक्के आहे. त्यासाठी कंपनी नोंदणीकृत रिसायकलरकडून ईपीआर प्रमाणपत्रं (आपल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी पार पाडल्याचा पुरावा) विकत घेते. रिसायकलरने किती लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम आणि सोनं काढलं, त्या वजनावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबीच्या) पोर्टलवर ही प्रमाणपत्रं तयार होतात. 2024 मध्ये त्यांना किमान भावही ठरला, घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोला 22 रुपये.

म्हणजे 100 टन माल नुसता कागदावर दाखवला तरी 22 लाख रुपये होतात. ही भीती हवेतली नाही. प्लॅस्टिकच्या प्रमाणपत्रांत हेच घडलं. 2023 मध्ये सीपीसीबीने तपासणी केली तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मोजक्या रिसायकलर कंपन्यांनी सुमारे 6 लाख खोटी प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं.

माझं म्हणणं असं, की सगळा पुरावा सरकारकडे आधीच आहे, फक्त वेगवेगळ्या कपाटांत. मोठा माल आला तर ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीतली ऑनलाइन नोंद) असतं. श्रेडर (मालाचे तुकडे करणारं मशीन) चालला तर विजेचं बिल येतं. तांबं विकलं तर जीएसटीत नोंद होते. मग प्रमाणपत्र देण्याआधी हे सगळं समोर ठेवून जुळवायला काय हरकत आहे? जुळत नसेल तर पैसे थांबवा. बोला.

कुर्ल्याचा गाळा

हरकत आहे, दादा. आमची तिसरी पिढी भंगारात आहे, म्हणून सांगतो.

घरातला टीव्ही उचलतो फेरीवाला. त्याच्याकडे बिल नसतं, तुमच्या घरातल्या माणसाकडेही नसतं. तो आणतो आमच्या गाळ्यावर. वॉशिंग मशीन आलं की आम्ही मोटर काढून तांबं वेगळं करतो, पत्रा वेगळा, सर्किट बोर्ड वेगळा. आत तोल सांभाळायला सिमेंटचा ठोकळा असतो, तो टाकून द्यायचा. काट्यावर आलेलं वजन आणि निघालेलं वजन कधीच सारखं नसतं. हे संगणकाला कोण समजावणार?

2016 च्या नियमांत माल सुटा करणाऱ्यांची वेगळी नोंदणी होती आणि संकलन केंद्रांनाही वेगळं स्थान होतं. 2022 च्या नियमांनी दोन्ही काढून टाकलं. म्हणजे माल गोळा करणारा आणि सुटा करणारा कायद्याच्या वहीत उरलेलाच नाही. आता तुम्ही बिलं जुळवायला लागलात की मोठा रिसायकलर आम्हाला सांगणार, बिलाशिवाय माल नको. तो माल मग थांबणार आहे का? तो दिल्लीतल्या सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादच्या बिनपरवाना भंगारबाजाराच्या वाटेला लागेल आणि तिथे बोर्ड उघड्यावर जाळले जातील. चोर पकडायला निघालात आणि मार खाणार हातगाडीवाला.

काटेकोर

गाळेवाले, सिमेंटच्या ठोकळ्याचा मुद्दा रास्त आहे. पण घट धरूनही हिशेब करता येतो. फरक दहा-पंधरा टक्के आहे की माल आलेलाच नाही, हे लगेच कळतं.

बिलाचं म्हणाल तर ऑक्टोबर 2024 पासून धातूचं भंगार बिननोंदणीवाल्याकडून घेतलं तर जीएसटी भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे. बिलही त्यानेच स्वतःच्या नावाने करायचं. फेरीवाल्याकडे कोणी कागद मागत नाही.

कुर्ल्याचा गाळा

कायद्यात मागत नाही. दारात मागतात. रिसायकलर म्हणतो, उद्या अधिकारी विचारेल माल कुठून आला, मला डोकेदुखी नको. शिवाय नोंदणीवाल्यांच्या आपसातल्या व्यवहारात 2 टक्के टीडीएसही लागला. माझ्यासारख्याचं भांडवल तेवढ्यात अडकतं.

विक्रीकर निवृत्त

मी तिसरीच बाजू मांडतो. नोकरीची बरीच वर्षं भंगाराची बिलं तपासण्यात गेली. भंगाराच्या धंद्यात बिल फिरतं आणि माल जागचा हलत नाही, हा रोग प्रदूषण मंडळाच्या पोर्टलच्या कितीतरी आधीचा आहे. बनावट कंपनीच्या नावाने बिल फाडतात, ई-वे बिलही काढतात आणि गाडी टोलनाक्याकडे फिरकतसुद्धा नाही. तुम्ही एक खोटा कागद दुसऱ्या खोट्या कागदाशी जुळवणार, ते दोन्ही एकाच माणसाने बनवलेले असणार, आणि मग पोर्टल म्हणणार की सगळं बरोबर आहे. मला याचीच जास्त भीती वाटते. आज निदान संशय तरी घेता येतो.

दुसरं, शिक्षा. खोटी माहिती दिली तर नोंदणी तीन वर्षांपर्यंत रद्द होऊ शकते, पर्यावरण भरपाईही लागू शकते. पण पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 15 मधली कैद जनविश्वास कायद्याने (अनेक गुन्ह्यांतली कैद काढून दंड ठेवणारा कायदा) गेली. एप्रिल 2024 पासून तिथे 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आहे. दंड हा धंद्याचा खर्च म्हणून धरणारी माणसं मी पाहिली आहेत. माणसं नेमा, न सांगता कारखान्यात जा, मशीन चालू करून दाखवायला लावा. त्याला पर्याय नाही.

सॅन होजेकर

इकडचं सांगते. कॅलिफोर्नियात 2005 पासून टीव्ही-मॉनिटर घेतानाच ग्राहक शुल्क भरतो, सुरुवातीला ते 6 ते 10 डॉलर होतं. त्या निधीतून रिसायकलरला पाउंडाला 48 सेंट मिळायचे. झालं काय, तर शेजारच्या ॲरिझोना, नेवाडातले जुने पिक्चर ट्यूबवाले टीव्ही इथले म्हणून दाखवायचे प्रकार झाले. पैसे देणारं खातं एक, कारखाना तपासणारं विषारी पदार्थांचं खातं दुसरं. दोघांनी एकत्र बघितल्याशिवाय हे सापडणं कठीण.

रिकाम्या बाटल्या-कॅन परत केल्यावर मिळणाऱ्या अनामत रकमेतही हीच चोरी चालायची. तिथे 2014 पासून सोपा उपाय केला. राज्याच्या सीमेवर फळं-भाज्यांतली कीड तपासणारी कृषी खात्याची नाकी आधीपासून आहेत. बाहेरून बाटल्या-कॅनचा मोठा माल आणणाऱ्याने तिथेच थांबून तो जाहीर करायचा. माणूस तोच, नाकं तेच, तपासायची वस्तू एक वाढली. निवृत्तसाहेब म्हणतात तशी प्रत्यक्ष नजर हवीच, पण त्यासाठी नवं खातं काढावं लागतं असं नाही.

विक्रीकर निवृत्त

हे मला पटतं. आपल्याकडे न्हावा शेवाला ॲल्युमिनियमच्या भंगाराआड जुने लॅपटॉप लपवून आणलेले कंटेनर डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) 2025 मध्ये पकडले. बाहेरचा असा माल देशी म्हणून प्रमाणपत्रात शिरू द्यायचा नसेल, तर कस्टम्सची पकड त्याच आठवड्यात सीपीसीबीला कळली पाहिजे.

फ्रिजवाला (कंपनीत नोकरी, मत माझं)

मूळ दुखणं किमान भाव आहे. भाव सरकारने चढवला की खोट्या मालाचा नफाही चढतो. काही कंपन्या याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आहेत, ते उगाच नाही.

कुर्ल्याचा गाळा

भाव पाडलात तर फ्रिजमधला गॅस कोणी नीट काढणार नाही, नळी कापून हवेत सोडून देतील. खरं काम महागच असतं.

राखेचा हिशेब (नागपूर)

सगळे येणारा माल आणि विकलेला माल यावर बोलताय. उरलेल्या घाणीचं काय? पिक्चर ट्यूबमधली पावडर, बोर्ड धुतलेला गाळ, जळू नये म्हणून रसायन घातलेलं प्लॅस्टिक. खरं रिसायकलिंग केलं की हे निघतंच, आणि ते घातक कचरा म्हणून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या विल्हेवाट केंद्रात पाठवावं लागतं. प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) जातं आणि त्याची प्रत राज्य मंडळाकडे येते. तिथे पैसे देऊन घाण टाकावी लागते, त्यामुळे आपल्याकडे न आलेल्या गाडीची पावती द्यायला त्या केंद्राला कारण नाही.

शेकडो टनांची प्रमाणपत्रं विकणाऱ्याने वर्षभरात एकही गाडी पाठवली नसेल, तर निवृत्तसाहेबांनी पहिली धाड तिथे टाकायला सांगावी. यात जीएसटी नको आणि फेरीवालाही नको. मंडळाच्या एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर गेली की झालं.

कुर्ल्याचा गाळा

हे चालेल. पण मॅनिफेस्ट मागाल ते रिसायकलरकडेच मागा, आमच्या गाळ्यावर त्यासाठी येऊ नका. आणि 2022 मध्ये आमची काढलेली नोंदणी परत द्या, मग आमच्या काट्याच्या पावत्याही घ्या.