हिटलरने हाकललेल्या स्त्रियांना इंग्रजांनी का कोंडले?

पांदण (दारव्हा तालुका):
आमच्या गावच्या वाचनालयात मला ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरील स्त्रियांच्या रशेन नजरकैद छावणीविषयी बोलायचे आहे. १९४० साली तेथे ठेवलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन स्त्रियांपैकी पुष्कळ जणी ज्यू निर्वासित होत्या, असा ओझरता उल्लेख मी मागच्या बैठकीत केला, तेव्हा कापूस वेचून थेट आलेल्या एका आजींनी विचारले, "ज्यानं तिले घरातून हाकललं, त्याचीच समजून तिले धरलं काय?" मला नीट उत्तर देता आले नाही.

जुना मास्तर:
आजींचा प्रश्न बिनतोड आहे. युद्ध सुरू होताच ब्रिटनने न्यायाधिकरणे नेमून देशात राहणाऱ्या जर्मन-ऑस्ट्रियन परकीयांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. 'ब' म्हणजे संशयाला जागा असलेले. निकष मात्र ठिकठिकाणी वेगळे असल्याने, घरकामाच्या परवान्यावर आलेल्या अनेक निर्वासित स्त्रियाही 'ब' वर्गात गेल्या. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्या, फितुरीच्या भीतीने वातावरण तापले आणि २७ मे रोजी या वर्गातील स्त्रियांची धरपकड झाली. याला नाझींच्या छळछावण्यांच्या पंक्तीला मात्र बसवू नका.

तुरीचं शेत:
छावणी म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे तंबू येतात, म्हणून तेथील घरेच दाखवा. पोर्ट एरिन आणि पोर्ट सेंट मेरी ही समुद्रकाठची सुट्टीची गावे काटेरी तारेने बेटापासून तोडली होती. घरमालकिणी आपापल्या घरातच राहिल्या आणि सरकार त्यांना दर स्त्रीमागे आठवड्याला २१ शिलिंग देई. एका पलंगावर दोघी झोपत, आणि सुरुवातीला नाझी समर्थक व निर्वासित ज्यू स्त्रिया एकाच छपराखाली, क्वचित एकाच पलंगावरही असत. आजींना हे ऐकवाच. पुढे तेथेच कोंडलेल्या रूथ बोर्शार्ड यांनी श्रमविनिमयाची पद्धत बसवली: शिवणकाम किंवा केस कापणे यांसारख्या कामाबद्दल टोकन मिळे आणि ते देऊन दुसरीकडून काम करून घेता येई.

पांदण:
दोघांचाही आभारी आहे. नवरे त्याच बेटावरील पुरुषांच्या छावण्यांत असूनही जोडप्यांसाठी वेगळी छावणी १९४१ साली निघाली, हे माझ्या टिपणात आहेच. पण आता सुरुवात पलंगापासून करतो.