रोमहून एका दिवसात चिविता दि बान्योरेज्यो: सासूसासऱ्यांना घेऊन जमेल का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून आम्ही चौघं रोमला जातोय. त्यात सासूसासरे, दोघंही सत्तरीच्या आसपास. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण डोंगरावरच्या चिविता गावाचे फोटो पाहून सगळ्यात जास्त हट्ट त्यांचाच आहे. आमच्याकडे एक रविवार मोकळा आहे. ट्रेन आणि बसने जाऊन-येऊन होतं का, की गाडी भाड्याने घ्यावी? आईंना अंडंसुद्धा चालत नाही, तर खायचं काय?

रूळावरचा
आधी वार बदला. ट्रेन ऑर्विएतो शहरापर्यंतच जाते; तिथून चिविताशेजारच्या बान्योरेज्योला जाणारी कोत्राल कंपनीची बस रविवारी आणि सणाच्या दिवशी नसते. बहुतेकांचा बेत इथेच फसतो. १ नोव्हेंबरला इटलीत सार्वजनिक सुट्टी असते, तोही दिवस टाळा.

बाकी मार्ग सोपा आहे. रोमा तेर्मिनी या मुख्य स्टेशनहून रेज्योनाले वेलोचे (जलद प्रादेशिक) गाडीने ऑर्विएतो, साधारण सव्वा तास. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच गाडीत चढा; तिकीट खिशात असलं तरी शिक्का नसेल तर दंड होतो. मोबाईलवर काढलं असेल तर प्रवासाच्या दिवशी ऑनलाइन चेक-इन करावं लागतं.

पुढे बसने पाऊण तासाच्या आसपास. बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानातून किंवा पेपरवाल्याकडून जातानाच परतीचंही घेऊन ठेवा. ड्रायव्हरकडे महाग पडतं. दिवसभरात बस मोजक्याच, त्यामुळे आधी परतीची बस ठरवा आणि तिथून उलटं सकाळच्या गाडीपर्यंत या. शाळेच्या दिवसांत आणि सुट्टीत वेळा वेगळ्या असतात, म्हणून वेळापत्रक त्याच आठवड्याचं बघा, कुणाच्या जुन्या ब्लॉगवरचं नको.

आणखी एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं. त्यानंतर पाचच्या आसपासच अंधारतं.

दगडधोंडे
चढाबद्दल सांगतो. गावात गाडी जात नाही. १९६५ साली बांधलेला पायी पूल आहे, सुमारे ३०० मीटर. सुरुवातीला सपाट वाटतो, पण शेवटचा टप्पा चांगलाच उभा आहे. सावली नाही, वारा भरपूर, मधे बसायला काही नाही. कठडा आहे, तो धरून हळूहळू चढता येतं. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, म्हणून काठी घ्या आणि रबरी तळाचे बूट घाला. गावातली फरशी दगडी, ओली झाली की घसरते. चाकांची बॅग तर मुळीच आणू नका.

बान्योरेज्योच्या बसस्टॉपपासून पूल दीडदोन किलोमीटर लांब आहे. बाबांची ताकद तिथे खर्चू नका, शटल बस मिळते. ती बेल्वेदेरे नावाच्या कठड्याशी सोडते. फोटोंमध्ये दिसतं ते अख्खं गाव इथूनच दिसतं. तिथवर येऊन बाबांना जमेलसं वाटलं नाही, तर मुख्य दृश्य तरी हुकणार नाही. पुलाचं प्रवेश तिकीट माणशी ५ युरो.

आता मजेची गोष्ट. आपले सह्याद्रीचे कडे बेसाल्टचे, टणक. इथे वर ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, टफ, आणि त्याखाली चिकणमाती. दोन्ही बाजूंचे ओढे पायथ्याची माती खातात, वरच्या दगडाचा आधार सुटतो, उभ्या भेगा पडतात आणि कड्याचे तुकडे कोसळतात. १६९५ च्या भूकंपानंतर बरीच वस्ती शेजारच्या बान्योरेज्योत गेली. आज कायमचे रहिवासी बोटांवर मोजण्याइतके. वेशीतून आत गेलात की एका वाड्याची दर्शनी भिंत बघा: खिडक्या शाबूत, पण खिडकीतून खोली नाही, आभाळ दिसतं. मागचा वाडा दरीत गेलाय. वेशीवरच्या दगडी सिंहांच्या पंजात माणसांची मुंडकी आहेत, तीही चुकवू नका.

गाव बघायला दीड तास पुरतो. तिथे दिवसभर थांबण्यात अर्थ नाही.

चटणीभाकर
आईंसाठी: उंब्रिकेल्ली मागा. हाताने वळलेल्या जाड शेवया, मूळ कृती पीठ आणि पाणी, अंडं नाही. तरी 'सेंत्सा उओवा' (अंड्याशिवाय) म्हणून विचारून घ्याच, कारण ताज्या पास्त्यात अंडं सर्रास असतं. सोबत टोमॅटोचा साधा सॉस. ब्रुस्केत्ता सगळीकडे मिळतो.

फसवणारे पदार्थ: हरभऱ्याचं किंवा डाळीचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात डुकराचे बारीक तुकडे किंवा मांसाचं पाणी असू शकतं. आमात्रिचाना सॉस लाल दिसला तरी त्यात डुकराचं मांस असतं. पार्मेजान आणि पेकोरिनो रोमानो चीज वासराच्या वा कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. कडक पाळत असाल तर 'सेंत्सा फोर्माज्यो' (चीजशिवाय) सांगा. दुपारी अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद असतात. थेपले, चिवडा पिशवीत असू द्या.

गोदाकाठची
आभारी आहे. वार मंगळवार केला. गाडीचा विचार सोडावा का? नवऱ्याला चालवायची हौस आहे.

रूळावरचा
हौस असेल तर ऑर्विएतोहून घ्या, रोममध्ये नको. नाशिक आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ लायसन्सही जवळ ठेवा. बहुतेक भाड्याच्या गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात, आणि स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताला. जुन्या गावांत 'झेडटीएल' (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो, दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं आणि गाडी देणारी कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क लावते. चौघांत टॅक्सीही परवडू शकते, पण भाडं आधी ठरवा आणि परतीची वेळ लिहून घ्या.

दगडधोंडे
उरलेला दिवस ऑर्विएतोत घालवा. स्टेशनसमोरून फ्युनिक्युलर थेट वर जाते, आपल्या सप्तशृंगी गडाच्या ट्रॉलीसारखी, त्यामुळे बाबांना त्रास नाही. वरच्या चौकातून कॅथेड्रलपर्यंत छोटी बस मिळते. फ्युनिक्युलरजवळच सेंट पॅट्रिकची विहीर आहे, खोली ५० मीटरच्या वर, २४८ पायऱ्या. चढायचा आणि उतरायचा जिना वेगळा, पाणी वाहणाऱ्या खेचरांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून. तिथे मात्र तुम्ही दोघंच उतरा.