कार्बन-१४ नसताना क्रेब्जने चक्र कसं ओळखलं?

एमएस्सी_जीवरसायन: सायट्रिक आम्लाचं चक्र (पेशी अन्न जाळतात ती क्रियांची फेरी) १९३७चं, रेणूंचा माग काढायला वापरतात तो किरणोत्सारी कार्बन-१४ सापडला १९४० मध्ये. मग ही सरळ साखळी नसून चक्र आहे हे हान्स क्रेब्जने कशावरून ठरवलं? पुस्तकात नुसती आकृती आहे.

मॅनोमीटर: ऑक्सिजनच्या हिशेबावरून. कबुतराच्या छातीचा ताजा स्नायू (उडण्याचा स्नायू, श्वसन जोरात) बारीक करून फॉस्फेट बफरमध्ये घ्यायचा. वारबुर्ग फ्लास्कच्या (वायूचा दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरला जोडलेली बंद काचकुपी) मधल्या वाटीत कॉस्टिक पोटॅश आणि गाळणकागदाची घडी. कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जातो, म्हणून दाब उतरेल तो ऑक्सिजन खर्च झाल्यामुळे. सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) बाजूच्या नळीत ठेवा आणि तापमान स्थिरावल्यावरच फ्लास्क कलता करून आत ओता.

सायट्रेटचा १ रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ४.५ रेणू लागतात. म्हणजे ३ मायक्रोमोलला सुमारे ३०२ मायक्रोलिटर. प्रत्यक्षात सायट्रेट घातल्यावर झालेला ऑक्सिजनचा जास्तीचा खर्च अशा हिशेबाच्या बराच पुढे गेला. याचा अर्थ सायट्रेट दुसरं काही जाळायला मदत करत होतं आणि स्वतः परत तयार होत होतं.

स्नायू_आणि_श्वसन: तेवढ्यावर चक्र ठरत नाही. सक्सिनेट, फ्युमरेट (चक्रातले लागोपाठचे दोन टप्पे) यांचा असाच परिणाम जीवरसायनशास्त्रज्ञ सेंट-ग्योर्गीने आधी दाखवला होता. निर्णायक ठरलं ते मॅलोनेट. ते सक्सिनेटचं फ्युमरेट करणारं एन्झाइम, सक्सिनेट डिहायड्रोजनेज, अडवतं, म्हणून सक्सिनेट साठतं. पण त्याच स्नायूत फ्युमरेट घातलं तरीही सक्सिनेट तयार होतं! सरळ मागे जायची वाट बंद आहे, तर ते पुढून फिरून आलं. शिवाय ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट (फ्युमरेटच्या पुढचा टप्पा) घातल्यावर स्नायूत सायट्रेट बनतं हे क्रेब्ज आणि विल्यम जॉन्सनने शेफील्डला दाखवलं. सायट्रेटपासून पुढे कीटोग्लुटारेटपर्यंतची वाट त्याच वर्षी मार्टियुस आणि नूप यांनी उलगडली होती. साखळीची दोन टोकं जुळली ती इथे.

ही विचारपद्धत अचानक आलेली नाही. मॅनोमीटर वापरायला क्रेब्ज बर्लिनला ओटो वारबुर्गकडे शिकला. १९३२ मध्ये हेन्सेलाइटबरोबर युरियाचं चक्र मांडलं, त्यातही थोड्याशा ऑर्निथिनने (एक अमिनो आम्ल) पुष्कळ युरिया तयार होतो हाच धागा होता.

मॅनोमीटर: मान्य, मॅलोनेटचा मुद्दा माझ्याकडून राहिला. करून पाहणार असाल तर नुसत्या पाण्याचा एक फ्लास्क सोबत ठेवाच, नाहीतर खोलीतल्या दाबाचा चढउतार श्वसन म्हणून मोजला जाईल. कलतं करताना पोटॅश वाटीबाहेर सांडलं तर तो फ्लास्क बाद, कारण अल्कलीने एन्झाइम मरतात.

एमएस्सी_जीवरसायन: सक्सिनेट मागच्या वाटेने आलं नाही याची खात्री कशी करायची?

स्नायू_आणि_श्वसन: फ्लास्कमध्ये नायट्रोजन भरून तोच प्रयोग करा. पुढून फिरून येण्याच्या वाटेला ऑक्सिजन लागतो. मॅलोनेट असताना ऑक्सिजनमध्ये सक्सिनेट भरपूर आणि नायट्रोजनमध्ये फारच कमी, असा फरक दिसला पाहिजे.