तीन दिव्यांची गाडी कुणाची?

दादा (ॲमस्टलवीन, नेदरलँड्स): किंग्ज डेला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाला, इथे अख्खं गाव घरातला जुना पसारा रस्त्यावर मांडून विकतं. त्यात एक फोटोंचा अल्बम मिळाला. हा फोटो बघा. गाडीला पुढे तीन दिवे, नाव कुठेच नाही. मागे पेन्सिलीने फक्त 1949 लिहिलंय. नाना, तुमचं खातं!

अप्पाकाका: टकर! अमेरिकन. मधला दिवा स्टिअरिंगबरोबर वळायचा. 51च बनल्या होत्या. लॉटरी लागली रे तुला 😀

ताई: फोटो आहे अप्पाकाका, गाडी नाही.

चिनू: मी सर्च केलं. टाट्रा 87 येतंय. चेकोस्लोव्हाकिया. तिलापण तीन दिवे.

आत्या: सर्वांना शुभ सकाळ 🌷 आज एकादशी

नाना: टकर नाही, टाट्रापण नाही. दिवे मोजत बसू नका, हवा कुठून आत जाते ते बघा. टकर आणि टाट्रा दोन्हींचं इंजिन मागे. इथे पुढे चांगली मोठी जाळी आहे आणि मधला दिवा त्या जाळीतच बसवलाय. बॉनेटही लांबलचक. म्हणजे इंजिन पुढे, आणि तेही मोठं. शिवाय टकरला चार दारं, ही दोन दारांची कूपे. दादा, नंबर प्लेट मोठी करून पाठव. आणि छताचा भागही.

दादा: पाठवलं. प्लेटवर आधी G, मग आकडे. पुढचे दोन पुसट आहेत. छत विमानाच्या कॉकपिटसारखं, पारदर्शक वाटतंय.

नाना: मग झालंच. 1951 पर्यंत नेदरलँड्समध्ये प्रांतवार अक्षर असायचं. G म्हणजे नॉर्थ हॉलंड, H साउथ हॉलंड, L उट्रेख्त. पुढे देशभर दोन अक्षरं आणि आकड्यांच्या दोन जोड्या आल्या. तुझी प्लेट जुन्या पद्धतीची आहे, म्हणजे पेन्सिलीतलं 1949 खोटं नसावं. नॉर्थ हॉलंड, तीन दिवे, प्लेक्सिग्लासचा (पारदर्शक प्लास्टिकचा) घुमट, पुढे मोठं इंजिन. हे सगळं एकत्र मला एकाच गाडीत माहीत आहे, गॅटसो 4000. हार्लेमजवळच्या हेमस्टेडमध्ये मॉरिस गॅटसोनिडेस नावाच्या रॅली ड्रायव्हरने बनवलेली. सुरुवातीला नाव गॅटफोर्ड होतं.

अप्पाकाका: फोर्डचा काय संबंध?

नाना: इंजिन त्यांच्याच घरचं. मर्क्युरी हा फोर्डचाच ब्रँड, त्याचं व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं, साधारण 3.9 लिटर, म्हणून 4000. फोर्डचा जुळणी कारखाना ॲमस्टरडॅमला होताच. त्या काळात हॉलंडची स्वतःची मोटार जवळजवळ नव्हतीच. स्पायकर ही तिथली जुनी मोटार कंपनी 1926 ला बंद पडली, डॅफची पहिली मोटार 1958 ला लोकांसमोर आली. मधल्या काळात स्पोर्ट्स कार हवी तर दुसऱ्याचं इंजिन आणायचं आणि वर आपला पत्रा ठोकायचा. गॅटसो मोजक्याच बनल्या. 1950 च्या आसपास पैसे संपले आणि खेळ आटोपला.

ताई: मग दादा, नेटवरच्या फोटोशी ताडून बघ की.

दादा: बघितला ताई. मडगार्डची गोलाई थोडी वेगळी वाटते. म्हणून शंका येतेय.

नाना: त्यावरून गाडी बाद करू नकोस. मी चिंचवडला बॉडी शॉपमध्ये उभा आयुष्य काढलंय. हाताने ठोकलेल्या पत्र्याची डावी-उजवी बाजूसुद्धा टेपला सारखी भरत नाही. दोन गाड्या तर सोडाच. डेंटर एकच असला तरी दुसऱ्या गाडीला मडगार्ड बोटभर इकडे-तिकडे होणारच. त्यात गिऱ्हाईक सांगणार, माझी जाळी अशी करा. म्हणून अशा गाड्यांत पत्र्याची रेघ शेवटी बघायची. आधी चाकांमधलं अंतर, काचेचा उतार, दाराची बिजागरी कुठल्या बाजूला, चाकाच्या टोप्या कुणाच्या. उधार घेतलेले भाग कुणी हौसेने बदलत नाही, तिथेच गाडी पकडली जाते. टोप्या फोर्डच्या दिसतात का बघ.

चिनू: नाना, डीटेक्टिव्ह 🔥

नाना: आणि ही त्याचीच दुसरी गाडी समजू नका. ‘प्लाटये’ नावाची त्याची बुटकी उघडी रेसर होती, फियाट 1500 च्या सहा सिलिंडरवर. तिला घुमट नाही. कुणी ‘गॅटसो’ म्हणून तिचा फोटो दाखवला तर गोंधळायचं नाही.

वहिनी: गॅटसो? इथे रस्त्यावरच्या स्पीड कॅमेऱ्यांवर वाचलंय हे नाव. यांना दंडपण आलाय 🤭

दादा: घरातल्या गोष्टी ग्रुपवर नको.

नाना: वहिनी बरोबर बोलल्या. तोच माणूस! गाड्यांचा धंदा बुडाला तरी हा 1953 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकला, फोर्ड झेफिरमध्ये. 1950 ला हम्बरमध्ये दुसरा आला होता. वळणावर आपण नेमके किती वेगाने जातो हे मोजायला त्याने यंत्र बनवलं. रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकायच्या. पहिलीवरून चाक गेलं की घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. 1958 मध्ये त्याची कंपनी काढली, गॅटसोमीटर. पुढे पोलिसांनी तेच आपल्यासारख्यांवर वापरलं.

चिनू: म्हणजे बाबांना एक्सप्रेसवेवर आलेल्या चलानाचे आजोबा हे 😂

अप्पाकाका: ते चलान चुकीचं होतं. मी ऐंशीनेच होतो.

ताई: चिनू, अभ्यास.

आत्या: गाडी सुंदर आहे हो. पण शेजारी टोपी घालून उभा आहे तो कोण?

नाना: आत्या, चेहरा सावलीत आहे. गॅटसोनिडेस असेलच असं मी म्हणणार नाही. गाडीशेजारी उभं राहून फोटो काढायला मालक असावं लागत नाही.

दादा: टोप्या बघितल्या. एकीवर शेवटचं अक्षर D दिसतंय, आधीचं नीट लागत नाही.

नाना: शाब्बास. आता अल्बममधले आधीचे आणि नंतरचे फोटोही पाठव. हा फोटो सुटा करून कुणाला विकू नकोस, अल्बमसकट ठेव. हार्लेमच्या नॉर्थ हॉलंड अभिलेखागारात G नंबरबद्दल विचार. पुसट दोन आकडे तिरप्या उजेडात धरून वाच, फ्लॅश मारू नकोस.

दादा: शनिवारी जातो.

वहिनी: हळू चालवा 😄