आईनं फेसबुक पेजवरचा 'यादीत नाव तपासा' फॉर्म भरला, आता रोज फोन येतायत. काय करू?

माणदेशी_पोर
गावाकडं आई एकटीच असते, मी पुण्यात. आमच्या तालुक्याच्या नावाचं एक फेसबुक पेज आहे, पाऊस किती पडला, कांद्याला काय भाव लागला, कुठली एसटी बंद झाली, कोण वारलं असलं सगळं त्यावर येतं म्हणून आईसकट अख्खं गाव ते बघतं. जिल्हा परिषदेची निवडणूक लागल्यापासून त्याच पेजवर एकाच बाजूच्या पोस्टी सुरू झाल्या. 'समोरचे आले तर लाडक्या बहिणीचे पैसे बंद', पेपरचं कात्रण असल्यासारखा फोटो बनवलेला, मी शोधलं तर अशी बातमी कुठल्याच पेपरात नाही. आणि खाली लिंक, 'अपात्र महिलांची यादी आली, तुमचं नाव तपासा'.

आईनं घाबरून शेजारच्या पोराकडनं फॉर्म भरून घेतला. नाव, मोबाईल, मतदार कार्डाचा नंबर, घरात मतं किती, कुठल्या योजनेचे पैसे येतात. यादी काही दिसली नाही, 'धन्यवाद' एवढंच आलं. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू, नावानं हाक मारून 'काकू, तुमच्या घरात तीन मतं आहेत ना', आणि न विचारता एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलंय, त्याला नाव आमच्या बूथच्या नंबरचं. बँकेचं काही दिलेलं नाही, ते विचारून घेतलं. पण आई म्हणते मत दुसरीकडं दिलं तर यांना कळेल रे. ते ऐकल्यापासून झोप नाही. ही माहिती घेऊन हे लोक करतात काय, आणि आता काय करता येईल?

कोरडवाहू
भाऊ, मी दोन निवडणुकांत उमेदवाराच्या ऑफिसात रोजानं डेटा भरायचं काम केलंय, त्यामुळं आतलं सांगतो. मतदार यादी कुणालाही मिळते, त्यात नाव, वडलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, वय, घर नंबर, कार्ड नंबर असतो पण मोबाईल नंबर नसतो. सगळी धडपड त्या एका नंबरासाठी. आईनं कार्ड नंबर आणि मोबाईल दोन्ही एकत्र दिलं की यादीतली तिची ओळ पक्की झाली, घरातली बाकीची मतं तिच्याच घर नंबरावरनं सापडतात. आडनावावरनं जात अंदाजानं टाकायची, योजना कुठली ते फॉर्ममधनं येतं. आमच्याकडं एक्सेलमध्ये तीन रंग होते, आपला, त्यांचा, कुंपणावरचा, आणि पैसा सगळा कुंपणावरच्यावर खर्च व्हायचा.

खोटी पोस्ट वेगळी आणि फॉर्म वेगळा असं समजू नका. पोस्टीनं घाबरवायचं, घाबरलेला माणूस फॉर्म भरतो, आणि त्या फॉर्मवरनं पुढची पोस्ट कुणाच्या मोबाईलवर कुठली पाठवायची ते ठरतं. विधवा बाईला पेन्शनचं, पोराला भरतीचं, शेतकऱ्याला विम्याचं. एकाला आलेलं दुसऱ्याला दिसत नाही त्यामुळं पारावर त्याची चर्चाच होत नाही, खोटं आहे म्हणून सांगणार कोण? मी ते काम सोडलं त्याला हेच कारण.

आईला एवढं नक्की सांगा, मोजणीत मशीनवार आकडे कळतात म्हणजे त्या बूथवर कुणाला किती पडली ते कळतं, पण कुठलं मत कुणाचं हे कुणालाही कळत नाही. फोनवाल्यालाही नाही.

बेळगावकर_बंगळुरात
आमच्याकडं याच्या पुढचं घडलंय. 2022 च्या नोव्हेंबरात बंगळुरात चिलुमे नावाच्या संस्थेचं प्रकरण निघालं. पालिकेनं त्यांना मतदार जागृतीची परवानगी दिलेली, आणि त्यांची माणसं बीएलओची, म्हणजे बूथची मतदार यादी बघणाऱ्या सरकारी माणसाची, ओळखपत्रं गळ्यात घालून घरोघर माहिती गोळा करत होती. लोकांना वाटलं सरकारी माणूस आलाय, दिली माहिती. निवडणूक आयोगाच्या आदेशानं दोन आयएएस अधिकारी निलंबित झाले, शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या तीन मतदारसंघांतली नावं परत तपासायला लागली. त्यामुळं आईचं चुकलं असं अजिबात म्हणू नका, शिकलेल्या शहरात लोक फसले.

साधा_मतदार
सगळेच पक्ष करतात हो, त्यात एवढं काय. नंबर ब्लॉक करा, विषय संपला.

कोरडवाहू
सगळे करतात हे खरंच आहे. फेसबुकनं 1 एप्रिल 2019 ला, लोकसभेच्या तोंडावर, एकाच दिवशी काँग्रेसच्या आयटी सेलमधल्या लोकांशी जोडलेली 687 पेजं आणि खाती काढली आणि सिल्व्हर टच या आयटी कंपनीशी जोडलेली भाजपच्या बाजूची 15 काढली. आकडा बघून एकाची बाजू घेऊ नका, त्या 687 मधल्या पेजांना मिळून साधारण दोन लाख फॉलोअर होते आणि 15 मधल्या एका पेजलाच 26 लाख. दोन्हीकडं कारण एकच, मागं कोण आहे ते लपवलं होतं. पण सगळे करतात म्हणून त्या माऊलीनं मत द्यायला घाबरायचं का? ब्लॉक करून ती भीती जाणार आहे का?

ॲडव्होकेट_ताई
कायद्याचं बोलते. लोकसभेच्या वेळी 2 मे 2024 ला केंद्रीय निवडणूक आयोगानं सगळ्या पक्षांना लेखी कळवलं होतं की सर्व्हेच्या नावाखाली, निवडणुकीनंतरच्या योजनेसाठी मतदारांची नावं नोंदवून घेणं ताबडतोब थांबवा. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123(1) खाली ही लाच ठरू शकते असं त्यात होतं. जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून तुमची तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं, लेखी, पोच घेऊन. तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, फोन आलेले नंबर, ग्रुपचं नाव आणि ॲडमिनचा नंबर जोडा. ग्रुप सोडायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या हं.

डेटा संरक्षणाचा कायदा 2023 ला झाला पण नियम नोव्हेंबर 2025 ला आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने ठेवलेत, त्यामुळं त्याच्या भरवशावर आज बसू नका. लाडकी बहीणची केवायसी शासनाच्या gov.in नं शेवट होणाऱ्या साइटवरच होते, फेसबुकवरच्या फॉर्मनं कुणी पात्र होत नाही की अपात्र होत नाही. आणि व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ग्रुपमध्ये कोण घालू शकतं ते 'माय कॉन्टॅक्ट्स' करून टाका.

रात्रपाळी
अजून एक. त्या पेजच्या माहितीत 'पेज ट्रान्स्परन्सी' म्हणून असतं, पेज कधी काढलं, आधी नाव काय होतं ते तिथं दिसतं. आणि मेटाच्या, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्या, ॲड लायब्ररीत पेजचं नाव टाकलं की राजकीय जाहिरात दिली असेल तर पैसे कुणाच्या नावानं भरले ते दिसतं. बघून इथं सांगा.

माणदेशी_पोर
बघितलं. ते पेज आधी नोकरीच्या जाहिरातींचं होतं, आमच्या तालुक्याचं नावच नव्हतं त्याला, नाव तीनदा बदललंय. ॲड लायब्ररीत एक जाहिरात सापडली, पैसे भरणाऱ्याच्या जागी पेजचंच नाव, माणूस कुठला ते काही कळत नाही.

काल रात्रीच्या गाडीनं गावाला आलो. आईला ते जुनं नाव दाखवलं तर ती बराच वेळ मोबाईलकडं बघत बसली, मग म्हणाली मी एकटीनं नाही भरलेला. बचत गटातल्या सात जणींनी भरलाय. दुपारी सगळ्यांना घरी बोलावलं. कोरडवाहू दादा, तुम्ही सांगितलं तसंच निघालं, दोघींना पेन्शन बंद होणार म्हणून फोन होता, एकीला पोराच्या भरतीचा, आणि आजपर्यंत यातलं कुणी कुणाला बोललं नव्हतं कारण प्रत्येकीला वाटत होतं फोन फक्त आपल्यालाच आलाय. सगळ्यांचे स्क्रीनशॉट घेतलेत, अर्जावर सात सह्या झाल्यात, आठवी आईची. सोमवारी सकाळी तहसीलला जातोय, त्या सगळ्या बरोबर येतायत.