मदत हवी आहे : तूर आयातीचा महिनावार तक्ता कसा जुळवावा?

नमस्कार मंडळी,

मी एरंडोल तालुक्यातला. बी.कॉम. झालोय, घरी कोरडवाहू शेती. कपाशीत दरवर्षी तुरीच्या ओळी असतात. आमच्या शेतकरी गटासाठी एक तक्ता करायला घेतलाय: बाहेरून किती तूर आली, कुठल्या देशातून आली आणि कोणत्या महिन्यात आली. आमचे आबा नेहमी म्हणतात, "बोट उनी का भाव पडस" (बोट आली की भाव पडतो). ते खरं असेल तर आकड्यांत दिसायला हवं, आणि नसेल तर तेही गटाला कळायला हवं. तूर विकायची की घरात ठेवायची, हे आम्ही आजवर ऐकीव बातम्यांवर ठरवत आलोय.

वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवरून आणि कॉमट्रेडवरून (देशोदेशीच्या व्यापाराच्या आकड्यांची संयुक्त राष्ट्रांची साइट) आकडे उतरवलेत. आठ दिवस झाले, पण मेळ बसत नाही.

पहिला घोळ कोडचा, म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला जो जागतिक क्रमांक देतात त्याचा. सुक्या कडधान्यांचा कोड 0713, त्यात तूर 0713 60. पण हा सहा अंकी कोड या कोडयादीच्या 2012 च्या आवृत्तीत आला. त्याआधी तूर 0713 90 मध्ये, म्हणजे 'इतर' कडधान्यांत. मग 2005 पासूनचा तक्ता करायचा तर जुनी 'इतर'ची ओळ तूर म्हणून धरायची का? एकदा कॉमट्रेडवर चुकून जुनी आवृत्ती निवडली, तर नव्या वर्षांची तूरही 'इतर'मध्येच गेली! हे लक्षात यायलाच दोन दिवस गेले.

शिवाय 0713 ची व्याख्या 'सोललेली वा भरडलेली असो वा नसो' अशी आहे. जळगावच्या दालमिलवाल्याला तूर आणि तूरडाळ हे दोन वेगळे माल, भाव वेगळे, धंदाही वेगळा. सहा अंकी कोडला दोन्ही एकच. आमच्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, पण या कोडात तीही त्याच ओळीत. उडीद-मुगाचंही तसंच, सहा अंकांत दोघे मिळून 0713 31.

दुसरा घोळ देशांचा. मोझांबिकने भारताला विकलेली तूर आणि भारताने मोझांबिककडून घेतलेली तूर, दोन्ही आकडे वेगळे येतात. मलावीला तर समुद्रच नाही, तिथला माल मोझांबिकच्या बंदरातून निघतो. तो कोणाच्या नावावर धरायचा?

तिसरं, आपले वार्षिक आकडे एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचे जानेवारी ते डिसेंबर. आमची तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. म्हणजे कॅलेंडर वर्ष धरलं तर आमचा हंगामच मधोमध कापला जातो.

कोणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. चुकीचा तक्ता गटासमोर ठेवायचा नाहीये, त्यावर लोक माल विकतील.

प्रतिसाद :
दादा, 2012 आधीची ओळ जोडू नका. 'इतर'मध्ये तुरीखेरीज दुसरी कडधान्यंही असतात. तक्ता 2012 पासून सुरू करा आणि का, ते खाली एका ओळीत लिहा. गटाला वीस वर्षं लागतातच कुठे? 2017 चं आयातीवरचं 2 लाख टनांचं बंधन, मे 2021 मध्ये खुली झालेली आयात, हे सगळं त्यात येतंच.

दोन देशांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. निर्यात धरतात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने, आयातीत वाहतूक आणि विमा मिळवतात. म्हणून रुपये-डॉलर सोडा, वजन जुळवा. वजनही पुरतं जुळणार नाही, कारण नोव्हेंबरात निघालेली बोट जानेवारीत लागली तर वर्ष बदलतं. भारताचे आकडे मुख्य धरा, समोरच्या देशाचे फक्त पडताळणीला. दोन्हींची बेरीज चुकूनही नको. मलावी आणि मोझांबिक एकाच रकान्यात घ्या. भावावर परिणाम माल आल्याचा होतो, तो कोणत्या बंदरातून निघाला याचा नाही.

प्रतिसाद :
वार्षिक आकडे बाजूलाच ठेवा. मंत्रालयाच्या साइटवर महिनावार मिळतात. सप्टेंबर ते ऑगस्ट असं तुमचं स्वतःचं वर्ष करा. आफ्रिकेची तूर आपल्या काढणीच्या आधी बंदरात लागते, ते आपोआप दिसेल. शेजारी बाजार समितीचा त्याच महिन्याचा भाव लिहा. एकक मात्र आधी तपासा, एकीकडे किलो आणि दुसरीकडे टन असतं.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. सप्टेंबर ते ऑगस्टची कल्पना सुचलीच नव्हती. आज रात्रीच 2016-17 चा हंगाम मांडून बघतो, त्या वर्षी आमच्याकडे तूर घरात पडून राहिली होती. एक शंका उरली: आठ अंकी कोडच्या (सहा अंकांपुढे आपल्या देशाचे दोन अंक) आकड्यांत डाळ आणि अख्खी तूर वेगळी काढायची सोय आहे का? कोणाला खात्रीने ठाऊक असेल तर लिहा.