पॅरोटिड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या घासाला जबड्यात कळ

प्रश्न
कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीच्या डीप लोबमधली (आतल्या, खोल भागातली) गाठ काढून महिना झाला. गाठ कर्करोगाची नव्हती. जखम भरली आहे, चेहऱ्याची हालचालही नीट आहे. पण पहिला घास घेतला की कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात जीवघेणी कळ येते. पुढच्या काही घासांत ती ओसरते. सकाळी त्रास सर्वांत जास्त. दुसऱ्या बाजूने चावूनही फरक नाही, साध्या वेदनाशामक गोळीनेही नाही. आतले टाके ओढले जात असतील का?

प्रतिसाद १
टाक्यांचा संबंध दिसत नाही. वर्णन ‘फर्स्ट बाइट सिंड्रोम’शी (पहिल्या घासाला येणाऱ्या कळेच्या विकाराशी) तंतोतंत जुळतं. दुखतं ते चावल्यामुळे नाही, लाळ सुटल्यामुळे. म्हणून बाजू बदलून उपयोग होत नाही. काहींना आंबट पदार्थाच्या नुसत्या वासानेही कळ येते.

ग्रंथीकडे येणारे सिम्पथेटिक तंतू (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेच्या एका शाखेचे) मानेतल्या एक्स्टर्नल कॅरोटिड धमनीच्या अंगाने येतात आणि डीप लोब काढताना तुटू शकतात. मग ग्रंथीच्या उरलेल्या भागातल्या मायोएपिथेलियल पेशी (आवळून लाळ बाहेर ढकलणाऱ्या) अतिसंवेदनशील होतात. घास तोंडात येताच पॅरासिम्पथेटिक (त्याच मज्जासंस्थेच्या, लाळ सोडवणाऱ्या दुसऱ्या शाखेचा) संदेश पोचतो आणि त्या एकदम जोरात आवळल्या जातात. नेटरव्हिल या सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही कारणमीमांसा आजही सर्वाधिक मानली जाते. मधे बराच वेळ पोट रिकामं राहिलं की पहिली कळ मोठी, म्हणून सकाळ वाईट.

प्रतिसाद २
उपायांचं बोलू. जेवणाची सुरुवात मऊ, कोमट, सपक पदार्थाच्या अगदी छोट्या घासाने करा, थोडं थांबा, मग पुढे. आंबट आणि झणझणीत पदार्थ सुरुवातीला नकोतच. दोन जेवणांत फार अंतर ठेवू नका.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधं देतात: गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा कार्बामाझेपिन. डोस कमीपासून हळूहळू वाढवतात, कारण झोप आणि चक्कर येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पहिल्या दोन्हींचा डोस घटवावा लागतो. कार्बामाझेपिनवर रक्तपेशी आणि सोडियम तपासत राहावं लागतं. कुठलंही औषध मनाने एकदम बंद करू नका.

तरीही कळ टिकली तर उरलेल्या ग्रंथीत बोट्युलिनम टॉक्सिनचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन. ते पॅरासिम्पथेटिक संदेशच अडवतं. परिणाम काही दिवसांनी दिसतो, काही महिने टिकतो, मग पुन्हा द्यावं लागू शकतं. सोनोग्राफीत बघत दिलेलं बरं. औषध शेजारच्या स्नायूत पसरलं तर तात्पुरता अशक्तपणा येतो. पुष्कळांचा त्रास महिन्यांमध्ये आपोआप कमी होतो, काहींचा मात्र वर्षानुवर्षं राहतो.

प्रश्नकर्ता
जेवणाआधी आंबट गोळी चघळून लाळ आधीच मोकळी केली तर?

प्रतिसाद १
नको. तो सल्ला लाळेच्या खड्यासाठी देतात. इथे आंबट चवच सर्वांत तीव्र कळ आणते.

प्रतिसाद ३
सर्जनना दाखवताना फरक नीट सांगा. जेवताना गालाला घाम आणि लाली येत असेल तर तो फ्रे सिंड्रोम, तो सहसा काही महिन्यांनी उमटतो. जेवताना गाल फुगत असेल तर लाळ साठत असावी. चावत राहिल्यावर दुखणं वाढतं, तेव्हा जबड्याचा सांधा तपासावा. गालाला नुसता स्पर्श झाला तरी विजेसारखा झटका बसत असेल तर ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाचा (चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसेच्या दुखण्याचा) विचार हवा.

नवी गाठ, चेहरा वाकडा होणं, वाढत जाणारा बधिरपणा, ताप किंवा पू यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जा.